ठाणवेग : एका यांत्रिक संज्ञेचा इतिहास आणि यवतमाळचा पुरावा

मोटारविद्येतील बहुतेक संज्ञा मराठीत इंग्रजीतून आल्या आणि येथेच रुळल्या. क्लच, गिअर, ब्रेक, पिस्टन हे शब्द कारागिराच्या तोंडी इतके बसले आहेत की, त्यांचे मूळ परके आहे याची जाणीवही कोणास उरलेली नाही. या शब्दांचा अर्थ त्यांच्या घडणीतून उमगत नाही; पण त्यामुळे फारसे बिघडतही नाही. ती वस्तूंची नावे आहेत, आणि वस्तू हाताशी असली म्हणजे नावाची दुर्बोधता बाधत नाही. परंतु काही संज्ञा वस्तूंच्या नव्हेत तर अवस्थांच्या असतात. अवस्था हातात घेऊन दाखविता येत नाही. तेथे शब्दच काय तो आधार असतो, आणि शब्द दुर्बोध असला की विचारही चुकतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या संदर्भात येणारी 'स्टॉल' ही अशा प्रकारची संज्ञा आहे. तिचा इतिहास पाहणे, तिच्या गैरसमजातून होणारी हानी दाखविणे आणि तिच्यासाठी मराठीत एक पर्याय सुचविणे, असा प्रस्तुत निबंधाचा त्रिविध हेतू आहे. पुराव्यासाठी यवतमाळ जिल्हा घेतला आहे. हे यंत्र जो प्रश्न सोडविते, तो प्रश्न या जिल्ह्याच्या रेल्वेच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसतो, हे त्याचे कारण होय.

प्रथम संज्ञेतील घोटाळा पाहू. गाडी चालविणाऱ्याच्या भाषेत 'इंजिन स्टॉल झाले' याचा अर्थ इंजिन बंद पडले असा आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडते. तेथे इंजिन पूर्ण जोराने फिरत असते. थांबलेली असतात ती चाके, आणि चाकांशी जोडलेले टर्बाइन. टर्बाइन असे रोखून धरले असता, इंजिनाने सर्व ताकद लावूनही ज्या फेऱ्यांपलीकडे ते जाऊ शकत नाही, त्या फेऱ्यांच्या संख्येस 'स्टॉल स्पीड' म्हणतात. एकाच शब्दाने एके ठिकाणी इंजिनाचे मरण सांगितले जाते, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या जोराची मर्यादा. 'हाय स्टॉल' कन्व्हर्टर म्हणजे वारंवार बंद पडणारा कन्व्हर्टर, अशी समजूत करून घेणारा विद्यार्थी मंदबुद्धी असतो असे नाही. त्याने शब्दावर विश्वास ठेवलेला असतो, इतकेच.

आता हे यंत्र जन्मास का आले, ते पाहू. वाफेच्या इंजिनात वाफ बाहेर, बाष्पपात्रात तयार होते. चाक स्थिर असतानाही ती पिस्टनवर पूर्ण दाबाने लोटता येते. म्हणून वाफेचे इंजिन जागचे हलण्यापूर्वीच आपली मोठ्यात मोठी ओढ देऊ शकते. त्यास क्लच लागत नाही की गिअर लागत नाही. उलट, पेट्रोल वा डिझेलचे अंतर्ज्वलन इंजिन स्वतः फिरत असेल तरच ताकद देते. शून्य फेऱ्यांवर त्याची ताकद शून्य. आणि ओझे हलविण्याच्या दृष्टीने तर पहिला क्षणच सर्वांत कठीण. काळ्या मातीत रुतलेली कापसाची बंडी एकदा चालू लागली म्हणजे बैलांना फार कष्ट पडत नाहीत; सारा जीव पहिल्या ओढीतच लागतो, हे वऱ्हाडातील शेतकऱ्यास सांगावयास नको. तेव्हा जे इंजिन थांबलेल्या अवस्थेत निर्बळ असते, त्याच्याकडून थांबलेले ओझे हलवून घ्यावयाचे, असा हा विरोध आहे. फिरते इंजिन आणि स्थिर चाक यांच्यामध्ये काहीतरी घसरते, तरीही ताकद पोहोचविणारे, साधन हवे.

यवतमाळच्या रेल्वेत या दोन्ही अवस्था एकामागून एक आल्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरांचा अरुंद मापाचा मार्ग. त्याच्या रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने तो विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत उभारला. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत, तेथून मुंबईस आणि पुढे इंग्लंडातील गिरण्यांकडे नेणे, हा त्याचा उद्देश होता. लोकांनी या गाडीस 'शकुंतला' म्हटले. ज्या मँचेस्टरकडे कापूस जात होता, त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले 'झेडडी' वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले. ते सत्तर वर्षांहून अधिक काळ चालले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

येथे भाषाभ्यासकाने क्षणभर थांबावे असे एक स्थळ आहे. भारतीय रेल्वेच्या सांकेतिक वर्गीकरणात अडीच फुटी मापाच्या डिझेल इंजिनांना 'झेडडीएम' अशी संज्ञा आहे : 'झेड' म्हणजे ते माप, 'डी' म्हणजे डिझेल आणि 'एम' म्हणजे मिश्र वाहतूक. जुन्या 'झेडडी'तील 'डी'चा डिझेलशी काडीमात्र संबंध नाही. ते वाफेच्या इंजिनांच्या वर्गमालिकेतील एक अक्षर आहे. दोन नावे शेजारी ठेवली तर दुसरे पहिल्याचा विस्तार वाटावे. वस्तुतः एक अक्षर जागेवर राहिले आणि त्याचा अर्थ मुळापासून बदलला. नाव टिकते आणि त्याखालची वस्तू पालटते, हा इतिहासातील नित्याचा प्रकार आहे. 'स्टॉल'च्या बाबतीतही हेच घडल्याचे पुढे दिसेल.

१९९४ च्या बदलाचे महत्त्व केवळ इंधनापुरते नाही. वाफेच्या इंजिनास जे आपोआप साधत होते, ते डिझेल इंजिनास मध्यस्थाकरवी साधावे लागते. मोठ्या मापाच्या मार्गांवर हा मध्यस्थ बहुधा विजेचा असतो : डिझेल इंजिनाने वीज निर्माण करावयाची आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरवावयाच्या. अरुंद मार्गावरील लहान, हलक्या इंजिनांसाठी मात्र भारतात मुख्यतः द्रवचलित योजना स्वीकारली गेली. चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेल्या 'झेडडीएम' वर्गांतील इंजिने या पद्धतीची आहेत. या पद्धतीत भारतीय अभियंत्याचेही नाव निगडित आहे. मनमोहन सुरी यांनी टॉर्क कन्व्हर्टर आणि द्रव-जोड यांचा मेळ घालणारी संक्रमणयोजना सिद्ध केली. ती 'सुरी ट्रान्समिशन' म्हणून ओळखली जाते. ओझे हलविताना कन्व्हर्टर, आणि वेग आल्यावर द्रव-जोड, असे तिचे सूत्र. १९६२ साली त्यांना अभियांत्रिकी विज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

मूळ कल्पना मात्र रेल्वेची नव्हे आणि मोटारीचीही नव्हे. ती जहाजाची आहे. जर्मनीतील स्टेटिन येथील फुल्कान गोदीत काम करणारे हेर्मान फ्योटिंगर यांच्यापुढे असा प्रश्न होता की, वाफेचे टर्बाइन अतिशय वेगाने फिरले तरच किफायतशीर ठरते, आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्यांनी १९०५ साली एका द्रवयंत्राचे पेटंट घेतले. त्यात तीन चक्रे असतात. पहिले चक्र इंजिनाने फिरते आणि द्रवास बाहेर फेकते. दुसरे, म्हणजे टर्बाइन, त्या द्रवाच्या माऱ्याने फिरते. आणि दोहोंमध्ये असलेले तिसरे, म्हणजे स्टेटर, परतणाऱ्या द्रवाची दिशा वळवून तो पुन्हा पहिल्या चक्रास अनुकूल करून देते. हे तिसरे चक्र काढून टाकले तर उरतो तो केवळ द्रव-जोड : तो जितका पीळ घेतो तितकाच देतो. तिसरे चक्र असेल तर घेतल्यापेक्षा अधिक पीळ देता येतो, अर्थात वेगाच्या मोबदल्यात.

पुढे दातेरी चक्रांची घडण सुधारली आणि जहाजांतून हे यंत्र मागे पडले. पण जमिनीवर त्यास नवे आयुष्य लाभले. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने आपल्या मोटारींत द्रव-जोड बसविला. त्याच दशकात स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांच्या योजनेवर आधारलेले कन्व्हर्टर लेलँडच्या प्रवासी गाड्यांत आले. अमेरिकेत ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या गाड्यांत 'हायड्रामॅटिक' आले. परंतु त्यात द्रव-जोड होता, कन्व्हर्टर नव्हता. १९४८ साली ब्यूइकने 'डायनाफ्लो' आणले. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या अमेरिकन मोटारींत खरा टॉर्क कन्व्हर्टर येथून रूढ झाला. दरम्यान जर्मनीत एक महत्त्वाची सुधारणा झाली होती. वेग वाढल्यावर स्टेटरचा उपयोग संपतो आणि तो उलट अडथळा करू लागतो. म्हणून त्यास एकाच दिशेने फिरू देणारी खीळ बसवून, गरज संपताच मोकळे सोडण्याची युक्ती निघाली. आजच्या मोटारीतील कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो : आरंभी परिवर्तक, नंतर केवळ जोड.

या इतिहासात 'स्टॉल' हा बिंदू कोठे येतो ते आता स्पष्ट होईल. टर्बाइन थांबलेले आणि इंजिन फिरते, हीच ती पहिल्या ओढीची अवस्था. या क्षणी पीळ सर्वांत अधिक वाढलेला असतो. सामान्य मोटारीत तो सुमारे दुप्पट होतो. मात्र याच क्षणी कार्यक्षमता शून्य असते, कारण चाक हललेले नसल्याने काम काहीच झालेले नसते. इंजिनाची सारी शक्ती तेलाच्या उष्णतेत जाते. अर्थात 'स्टॉल' हा एकाच वेळी यंत्राच्या सामर्थ्याचा आणि अपव्ययाचा कळस आहे. त्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिल्यावाचून निवड करणे धोक्याचे ठरते.

अमेरिकेत मोटारींच्या सरळ शर्यतींची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि पुढील दोन दशकांत हा निवडीचा प्रश्न कारखान्याबाहेर, सामान्य मालकापर्यंत येऊन पोहोचला. शर्यतीसाठी सुधारलेल्या इंजिनाची ताकद कमी फेऱ्यांवर क्षीण आणि अधिक फेऱ्यांवर प्रबळ असते. नेहमीचा कन्व्हर्टर अशा इंजिनास कमी फेऱ्यांवरच अडकवून ठेवतो. म्हणून त्यास मोकळे फिरू देणारा, वरच्या स्टॉलचा कन्व्हर्टर हवा. त्याचा ठोकळ उपाय म्हणजे व्यास कमी करणे. क्रायस्लरच्या 'टॉर्कफ्लाइट' पेट्यांमध्ये नेहमीचा कन्व्हर्टर पावणेबारा इंचांचा, तर जोमदार इंजिनांसाठी पावणेअकरा इंचांचा असे. एका इंचाने काय होते, हे गणिताने पाहण्याजोगे आहे. सारख्या घडणीच्या कन्व्हर्टरमध्ये पहिले चक्र जो पीळ शोषून घेते, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. त्यावरून, पीळ तोच ठेवला तर पावणेबाराऐवजी पावणेअकरा इंच घेतल्याने स्टॉलच्या फेऱ्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढतात : २००० च्या जागी २५००.

याच नियमातून दुसरा, अधिक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. स्टॉलची संख्या ही कन्व्हर्टरची एकट्याची मालमत्ता नाही. तोच कन्व्हर्टर अधिक बलवान इंजिनास जोडला तर ती वाढते, आणि ती पिळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटरवरून २८८ वर गेला, तर २००० ची संख्या २४०० होते. भाषाविज्ञानात शब्दाचे मूल्य तो ज्या व्यवस्थेत वावरतो तिच्यातील संबंधांवर अवलंबून असते असे आपण मानतो; या संख्येचेही तसेच आहे. वेष्टनावर छापलेला '३०००' हा आकडा कोणत्या इंजिनासाठी, हे विचारल्यावाचून तो निरर्थक आहे.

आता यवतमाळातील एखाद्या मालकाने आपल्या रस्त्यावरील गाडीसाठी असा कन्व्हर्टर निवडावयाचे ठरविले, असे समजू. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, पठारावर वसलेले; उन्हाळा तर प्रसिद्धच. उंचीमुळे हवा चारपाच टक्क्यांनी विरळ, आणि मे महिन्यातील उष्म्यामुळे आणखी सहाएक टक्क्यांनी. ज्या इंजिनास हवा दाबून भरण्याची सोय नाही, त्याचा पीळ यामुळे सुमारे एकदशांशाने घटतो. समुद्रकाठच्या थंड हवेत ३००० दाखविणारा कन्व्हर्टर येथे २८५० च्या आसपासच थांबेल. फरक थोडा आहे. पण तो गणितात न धरता 'कन्व्हर्टर खोटा निघाला' असा निर्णय देणे अन्यायाचे होईल.

खरा धोका उष्णतेचा आहे. १०० किलोवॉट शक्तीचे इंजिन स्टॉलवर पाच सेकंद धरले, तर ५०० किलोज्यूल उष्णता तेलात उतरते. पेटीतील तेल सहा लिटर, म्हणजे सुमारे पाच किलो, धरले आणि प्रत्येक किलोस एक अंश तापविण्यास दोन किलोज्यूल लागतात असे मानले, तर ते तेल एवढ्या अल्प अवधीत ५० अंशांनी तापू शकते. काही उष्णता धातू शोषून घेईल हे खरे. परंतु पुन्हापुन्हा तसे केले तर तीही सवलत संपते. सावलीतच पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जाणाऱ्या प्रदेशात तेल थंड करण्याची स्वतंत्र जाळी ही चैनीची बाब राहत नाही. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण माणसाच्या स्वभावाला लागू असेल. यंत्रात तेल जळाले की पीळही जातो.

तिसरी बाब नित्याच्या प्रवासाची. पुष्कळांची अशी समजूत असते की, ३००० च्या कन्व्हर्टरवर इंजिन ३००० फेऱ्यांवर गेल्याशिवाय गाडी हलतच नाही. हा भ्रम आहे. ती संख्या पूर्ण पिळाची आहे. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना इंजिन आपल्या पिळाचा एक चतुर्थांश वापरीत असेल, तर वर्गमूळाच्या नियमाने त्या क्षणाची स्टॉलमर्यादा निम्मी, म्हणजे १५०० होते. तेव्हा २४०० फेऱ्यांवर चालणारी गाडी बव्हंशी जोडलेल्या अवस्थेतच असते. मात्र तीच गाडी माणसे आणि सामान भरून चढावर आली की पिळाची मागणी वाढते, मर्यादा वर सरकते, घसरण सुरू होते आणि तेल तापू लागते. म्हणून सपाटीवर पुण्या-मुंबईच्या जाणकाराने दिलेला सल्ला पठारावरील चढउतारांच्या गावी जसाच्या तसा चालेलच असे नाही. प्रवासात दोन्ही चक्रे यांत्रिक रीतीने एकत्र बांधणारी व्यवस्था, जी पॅकार्डने १९४९ सालीच मोटारीत आणली होती, असेल तर सपाटीवरील घसरणीचा प्रश्न मिटतो. आरंभीच्या उष्णतेचा मिटत नाही.

या सर्वांवरून निवडीचा क्रम असा ठरतो : आधी इंजिनाचा पीळ कोणत्या फेऱ्यांवर भरतो ते पाहावे, मग गाडीचे वजन आणि मागील दातेरी चक्रांचे गुणोत्तर, मग नित्याच्या रस्त्यावरील फेऱ्या, आणि शेवटी तेल थंड करण्याची सोय. स्टॉलचा आकडा या चार गोष्टींचा परिणाम म्हणून यावा. आरंभीच आकडा धरून मागे कारणे शोधू नयेत. जड गाडी, सौम्य इंजिन आणि चढाचा रस्ता असेल, तर कारखान्याने दिलेला कन्व्हर्टरच बहुधा योग्य असतो. हे उत्तर रुचकर नसले तरी खरे आहे.

आता संज्ञेकडे वळू. 'टॉर्क' हा शब्द पिळणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आणि अभियंते जेम्स थॉमसन यांनी १८८४ साली तो यांत्रिकीत रूढ केला. मराठीत त्यासाठी 'पीळ' हा शब्द तयार आहे. संस्कृत 'पीड्' धातूतील स्वरमध्यस्थ 'ड'चा 'ळ' होऊन तो सिद्ध होतो. आणि कापसाच्या या जिल्ह्यात सुताचा पीळ कोणास अपरिचित नाही. 'परिबल' ही संज्ञा अधिक व्यापक असल्याने ती ग्रंथात राहो. कार्यशाळेत 'पीळ' पुरेसा आहे. त्यास अनुसरून यंत्रास 'पीळ-परिवर्तक' म्हणता येईल.

'स्टॉल'चा मूळ अर्थ उभे राहण्याची जागा, विशेषतः गोठ्यातील वा पागेतील जनावराची जागा, असा आहे. पुष्कळ व्युत्पत्तिकार हा शब्द संस्कृत 'स्था' धातूच्या कुळाशी जोडतात. चहाचा 'स्टॉल' याच अर्थाचा विस्तार आहे. जागच्या जागी खिळून राहणे, या छटेतून तो यंत्रात शिरला. पण शिरताना इंजिन खिळले की चाक खिळले, हा भेद शब्दाने राखला नाही, आणि तेथेच घोटाळा उपजला. मराठीत नेमका या अर्थाचा शब्द आहे : 'ठाण'. घोडा ठाणावर बांधतात; शेळ्यांना चरावयास न सोडता जागेवरच चारा देण्याच्या पद्धतीस 'ठाणबंद' पालन म्हणतात, आणि इंग्रजीत त्यासच 'स्टॉल'वरून नाव आहे. 'स्थान' पासून आलेला हा शब्द अर्थाने आणि बहुधा कुळानेही 'स्टॉल'चा सोयरा आहे.

म्हणून 'स्टॉल स्पीड'साठी 'ठाणवेग' ही संज्ञा मी सुचवितो. इंजिन बंद पडण्यास 'बंद पडणे' हा प्रयोग मराठीत आहेच. तो तसाच ठेवावा. मग दोन अवस्थांना दोन शब्द मिळतात आणि इंग्रजीतील संदिग्धता मराठीत उरत नाही. 'स्तंभनवेग' वा 'रोधवेग' असे संस्कृतप्रचुर पर्याय घडविता येतील. पण 'रोध' म्हटले की वेगच रोखला असे वाटते, आणि 'स्तंभन' कार्यशाळेत उच्चारले जाणार नाही. 'ठाणवेग' ऐकताच, गाडी ठाणावर असतानाचा इंजिनाचा वेग, हा अर्थ स्वतः उलगडतो. 'उच्च ठाणवेगाचा परिवर्तक' हे शब्द ऐकणारा विद्यार्थी गाडी बंद पडेल अशी भीती बाळगणार नाही. उलट, ठाणावर असताना एवढ्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाची शक्ती जाते कोठे, असा प्रश्न विचारील. आणि तो प्रश्न विचारला की उष्णतेचे उत्तर दूर नाही.

असा एक आक्षेप येईल की, विजेच्या मोटारींच्या काळात या संज्ञेचा उपयोग किती? विजेची मोटार वाफेच्या इंजिनाप्रमाणेच स्थिर अवस्थेत पूर्ण पीळ देते, आणि तिला परिवर्तक लागत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु रस्त्यावर आज धावणाऱ्या आणि दुरुस्तीस येणाऱ्या परिवर्तकयुक्त गाड्यांची संख्या लहान नाही, आणि त्या दुरुस्त करणारा तरुण बहुधा मराठीतून विचार करणारा आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील गाडी आता थांबली आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा रुंद मार्ग खुला होऊन जिल्ह्याच्या रेल्वेचे नवे प्रकरण सुरू झाले. यंत्रे बदलतील. थांबलेले ओझे हलविण्याचा प्रश्न मात्र राहील, आणि त्याविषयी नेमकेपणाने बोलता येण्याची गरजही राहील. परिभाषा घडविणाऱ्या विद्वानांनी अशा संज्ञा ठरविताना ग्रंथालयाबरोबर गोठ्याचा आणि कार्यशाळेचाही शब्दसंग्रह तपासावा, एवढीच या निबंधाची शिफारस आहे.